शून्य व्होल्ट आणि सामू सात



शेवगावच्या या व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी फोनवर क्षणभर काहीच उत्तर दिलं नाही. मग हळूच विचारलं, "सर, लोकांना यात काय?" प्रश्न रास्त होता. आयन ओळखणाऱ्या इलेक्ट्रोडचा पडदा आणि त्याचे विद्युत गुणधर्म हा काही शेवगावच्या पारावर चघळला जाणारा विषय नाही. पण तुमच्या मातीचा सामू, कारखान्यातल्या रसाचा सामू, विहिरीच्या पाण्यातलं फ्लोराइड, दवाखान्यात तुमच्या आईच्या रक्तातलं पोटॅशियम हे सगळे आकडे अशाच एखाद्या पडद्यावरून येतात. कुठे तो काचेचा असतो, कुठे स्फटिकाचा, तर कुठे चक्क पीव्हीसीचा. आपण अहवाल हातात घेतो, आकडा वाचतो आणि त्यावर जिप्सम टाकतो, औषध घेतो, बोअर बंद करतो. तो आकडा आला कुठून, हे मात्र कधी विचारत नाही. आज ते विचारू.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. इलेक्ट्रोड आयन मोजत नाही. तो पडद्याच्या दोन बाजूंमधला विद्युतदाबाचा फरक दाखवतो, बस. तो फरक येतो कसा, ते पाहू. पडद्याच्या आत आपण ठरलेल्या प्रमाणाचं द्रावण भरलेलं आहे आणि बाहेर तपासायचं पाणी आहे. पडदा असा निवडलेला आहे की एकाच जातीच्या आयनाला त्यात प्रवेश मिळतो. जिकडे तो आयन जास्त, तिकडून कमी असलेल्या बाजूला सरकण्याची त्याची ओढ असते. पण आयन विद्युतभारित असतो. थोडेसे सरकले की पलीकडे भार साचतो आणि तोच भार मागून येणाऱ्यांना अडवतो. ओढ आणि अडवणूक सारखी झाली की सगळं थांबतं. त्या क्षणी जो विद्युतदाब असतो, तोच आपण वाचतो. वाल्थर नर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये याचं गणित मांडलं. एकपट भाराच्या आयनाचं प्रमाण दहापट झालं की २५ अंश सेल्सिअसला विद्युतदाब ५९.१६ मिलिव्होल्टने बदलतो. कॅल्शियमसारख्या दुप्पट भाराच्या आयनाला त्याच्या निम्म्याने.

हे 'थोडेसे' म्हणजे किती? पडद्याच्या दर चौरस सेंटिमीटरला एक मायक्रोफॅरड विद्युतधारकता धरली, तर ५९ मिलिव्होल्टसाठी साधारण ३७ हजार कोटी आयन इकडचे तिकडे व्हावे लागतात. ऐकायला प्रचंड वाटतं. पण एक मिलिमोलर द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये जेवढे आयन असतात, त्यांच्यापैकी हे साधारण सोळा लाखांत एक. म्हणजे मोजणीत पाण्यातलं काहीच खर्च होत नाही. पण दुसरी बाजूही लक्षात घ्या. इतक्या थोड्या भारावर सगळं उभं आहे. मीटरने त्यातून जरा जास्त प्रवाह ओढला, कुठे दमट जागेतून थोडी गळती झाली, की आकडा बिघडलाच. आजचं माझं सगळं बोलणं या गळतीभोवती आहे, असं म्हटलं तरी चालेल.

सर्वांत जुना पडदा काचेचा. म्युनिकमध्ये माक्स क्रेमर यांना १९०६ मध्ये दिसलं की पातळ काचेच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या आम्लतेची द्रावणं ठेवली तर विद्युतदाब तयार होतो. १९०९ मध्ये कार्ल्सरूह इथे फ्रिट्झ हाबर आणि झिगमुंट क्लेमेन्सिएविच यांनी काचेचा नीट फुगा करून त्याचं मापन घेतलं. सामूची, म्हणजे पीएचची मोजपट्टी सोरेन्सेन यांनी मांडली तीही त्याच वर्षी, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. ती बीअर बनवणाऱ्या कंपनीची प्रयोगशाळा. आम्लतेची मोजणी उद्योगाच्या अंगणात वाढली, हे ध्यानात असू द्या.

काचेबद्दल शिकवणाऱ्यांचाही एक गोड गैरसमज असतो. फळ्यावर बाण काढून सांगितलं जातं की हायड्रोजन आयन काचेतून आरपार जातो. तसं होत नाही. किरणोत्सारी ट्रिशियम वापरून पाहिलं गेलं आहे. तो पलीकडे पोहोचत नाही. काच पाण्यात भिजली की तिच्या दोन्ही पृष्ठभागांवर पाणी शोषलेला अतिशय पातळ थर तयार होतो. हायड्रोजन आयन फक्त त्या थरातल्या जागा घेतात आणि सोडतात. दोन थरांच्या मधल्या कोरड्या काचेत मात्र सोडियम किंवा लिथियमचे आयन जागच्या जागी किंचित पुढेमागे सरकून विद्युतभार पोहोचवतात. दोघांनी मिळून केलेलं हे काम आहे. म्हणूनच कोरडा पडलेला इलेक्ट्रोड आंधळा होतो आणि म्हणूनच त्याला कायम ओलाव्यात ठेवायचं. शुद्ध पाण्यात मात्र नाही. पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात.

आता काचेचा विद्युतरोध. फुग्याची काच मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी पातळ असली, तरी तिचा रोध ५० ते ५०० मेगाओहमपर्यंत असतो. मधला आकडा घेऊ, १०० मेगाओहम. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणाऱ्या डिजिटल मल्टिमीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम. तो या इलेक्ट्रोडला जोडला तर विद्युतदाबाचा अकरावा हिस्सा मीटरवर दिसेल आणि बाकीचा काचेतच संपेल. म्हणून सामू मोजणाऱ्या मीटरचा आतला रोध दहा लाख मेगाओहमच्या घरात ठेवतात. मग चूक दहा हजारांत एक उरते. कॉलेजच्या मुलांनी हा प्रयोग जरूर करावा. दहा मिनिटांचा आहे आणि पुस्तकातल्या दहा पानांपेक्षा जास्त शिकवतो.

हीच अडचण १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात आली होती, आणि ती गोष्ट मला शेवगावात सांगायचीच आहे. ग्लेन जोसेफ नावाचा रसायनज्ञ लिंबू-संत्री पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघटनेच्या प्रयोगशाळेत काम करायचा. त्याला लिंबाच्या रसाची आम्लता मोजायची होती. पण रस टिकवायला त्यात सल्फर डायऑक्साइड घातलेला. त्या वायूने रंग बदलणारी द्रव्यं फिकी पडत, लिटमस निकामी होई आणि हायड्रोजनचा इलेक्ट्रोडही खराब होई. उरला काचेचा इलेक्ट्रोड. पण त्या काळच्या गॅल्व्हानोमीटरला पुरेसा प्रवाह मिळायचा तर फुगा मोठा आणि फार पातळ करावा लागे, आणि तो सारखा फुटे. जोसेफ आपल्या कॉलेजमधल्या मित्राकडे गेला, आर्नोल्ड बेकमन यांच्याकडे. बेकमन यांनी काचेला हात लावला नाही. त्यांनी निर्वात नळ्यांचा वर्धक बनवला, जो प्रवाह जवळपास ओढतच नाही. मग फुगा लहान आणि जाड करता आला, फुटणं थांबलं. १९३५ मध्ये हे यंत्र बाजारात आलं. मोजण्याची जगातली एक मोठी सोय झाली ती रोधाचा प्रश्न सोडवून.

मी ही गोष्ट इथे का आणली? आपल्या कारखान्यांतही उसाच्या रसाला तोच वायू देतात. पांढरी साखर करण्याची आपल्याकडची रूढ पद्धत डबल सल्फिटेशनची. बोधेगावचा केदारेश्वर, भेंड्याचा ज्ञानेश्वर, नजीक बाभुळगावचा गंगामाई ही नावं इथे प्रत्येकाच्या तोंडात आहेत. ज्या जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा केला, त्या जिल्ह्यात रस, चुना आणि गंधकाचा धूर हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. चरख्यातून आलेल्या रसाचा सामू साधारण ५.२ ते ५.५. तो ७० अंशांच्या वर तापवायचा, त्यात चुना आणि सल्फर डायऑक्साइड सोडायचा आणि सामू सातच्या आसपास आणून ठेवायचा. मग आणखी तापवून क्लॅरिफायरमध्ये निवळू द्यायचा. आम्लता राहिली तर गरम रसातली साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. ते पोत्यात येत नाही, मळीत जातं. चुना जास्त झाला तर उलट त्या फुटलेल्या साखरेचा रंग चढतो. ऊस तोडणाऱ्याच्या कष्टांचा आणि ऊस लावणाऱ्याच्या उताऱ्याचा काही भाग त्या काचेच्या फुग्यावर ठरतो.

आणि इथेच एक कावा आहे. सामूचे इलेक्ट्रोड जगभर असे बनवतात की आतलं द्रावण साधारण सामू सातचं असतं. म्हणजे बाहेरही सात असला की दोन्ही बाजू सारख्या आणि विद्युतदाब शून्य. शून्य मिलिव्होल्ट म्हणजे सात. आता सांगा, वायर आतून शॉर्ट झाली तर मीटर काय दाखवेल? सात. जोडणीच्या ठिकाणी दमटपणा शिरून गळती झाली तर? सातकडे सरकलेला आकडा. फुग्याला तडा गेला तर? बहुधा सातच्या आसपास अडकलेला एकच आकडा, मग तो लिंबाच्या रसात बुडवा की चुन्याच्या पाण्यात. बिघडलेला तराजू शून्य दाखवतो आणि शून्य कुणालाही खटकतं. बिघडलेला सामू-इलेक्ट्रोड मात्र नेमका तोच आकडा दाखवतो जो आपल्याला हवा असतो. पिण्याच्या पाण्याच्या मानकातही सामू ६.५ ते ८.५ असा दिला आहे, म्हणजे सात तिथेही उत्तम. मेलेला इलेक्ट्रोड प्रत्येक परीक्षेत पास होतो!

फुटण्याइतकी वाईट वेळ येण्याआधीही हे घडत असतं. गरम रसात बुडवून ठेवलेल्या फुग्यावर चुन्याचं आणि गाळाचं कीट चढतं, काच जुनी होते आणि दहापटीला ५९ ऐवजी निम्मेच मिलिव्होल्ट मिळू लागतात. याला उताराची घट म्हणू. समजा रसाचा खरा सामू ६.४ आहे. निम्म्या उताराचा इलेक्ट्रोड ६.७ दाखवेल. शिफ्ट केमिस्टला वाटेल, किंचित कमी आहे, चालेल. पण साखर फुटण्याचा वेग हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात वाढतो. सामू ७ पासून ०.६ ने खाली गेला की तो वेग जवळपास चौपट होतो. केमिस्टला कळत नाही, रसाला कळतं. उपाय मुळीच अवघड नाही. फक्त सातच्या बफरमध्ये, म्हणजे ठाऊक सामूच्या द्रावणात, तपासून भागत नाही. शून्यावर उभं राहून उतार दिसत नसतो. तो दिसायला दुसरा बफर लागतोच, चारचा किंवा ९.२ चा. दोन्हींतला फरक अपेक्षेच्या ९५ टक्क्यांच्या खाली गेला की इलेक्ट्रोड साफ करा, नाही सुधारला तर बदला. एका साध्या वहीत रोज तो उतार लिहिला, तर इलेक्ट्रोड मरायच्या कितीतरी आधी त्याची तब्येत कळते. मी अशा वह्या पाहिल्या आहेत ज्यांत रोज सकाळी '७.०० बरोबर' एवढंच लिहिलेलं असायचं, हंगामाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत.

तापमानाचाही खेळ आहे. ७० अंशांना दहापटीचा विद्युतदाब ६८ मिलिव्होल्ट होतो. मीटर ती दुरुस्ती करतं. पण गरम रसाचा आणि तोच रस थंड केल्यावरचा सामू मुळातच वेगळा असतो, आणि ते काही कुठल्या बटणाने दुरुस्त होत नाही. दोन्ही आकडे खरे. म्हणून कुठल्या तापमानाचा सामू, हे आकड्याशेजारी लिहिलं पाहिजे. थंडीत वेगळी गंमत. तापमान सात-आठ अंशांनी उतरलं की काचेचा रोध साधारण दुप्पट होतो. जानेवारीतल्या पहाटे, शेवगावात दहा अंश असताना, तोच इलेक्ट्रोड २५ अंशांच्या मानाने चौपट रोधाचा असतो. आकडा रेंगाळतो आणि कुणी जवळून चाललं तरी हलतो. इलेक्ट्रोड बिघडला असं समजून लोक तो फेकून देतात. जरा ऊन पडू द्या.

माती परीक्षणात तर काचेपेक्षा तिचा जोडीदार जास्त फसवतो. विद्युतदाब मोजायला दोन टोकं लागतात. दुसरं टोक संदर्भ इलेक्ट्रोडचं. त्यातून पोटॅशियम क्लोराइड एका बारीक छिद्रातून हळूहळू बाहेर झिरपतं. आपल्याकडे एक भाग माती आणि अडीच भाग पाणी ढवळून सामू घेतात. आपली काळी माती चिकणमातीने भरलेली आणि तिच्या कणांवर ऋण भार. तो संदर्भ इलेक्ट्रोड खाली बसलेल्या गाळात टेकवला की कणांमुळे त्या छिद्रापाशी एक आगंतुक विद्युतदाब तयार होतो. वरच्या निवळीत टेकवला तर आकडा वेगळा येतो. माती तीच, मीटर तेच. चोपण जमीन ठरवताना आपण ८.५ ची रेघ ओढतो आणि त्या रेघेवरून किती गाड्या जिप्सम टाकायचं ते ठरतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची माती परीक्षणाची माहिती शेतकरी वाचतात, हे चांगलंच आहे. पण पॅकेटमधून कोरडाच आलेला खिशातला पीएच-पेन ओल्या सरीत खुपसून आलेला आकडा, याला मी परीक्षण म्हणणार नाही.

आता स्फटिकाकडे. १९६६ मध्ये मार्टिन फ्रान्ट आणि जेम्स रॉस यांनी फ्लोराइडचा इलेक्ट्रोड जाहीर केला. पडदा म्हणजे लँथॅनम फ्लोराइडच्या एकसंध स्फटिकाची चकती, त्यात थोडंसं युरोपियम मिसळलेलं. युरोपियम का? लँथॅनमच्या जागी ते बसलं की भार जुळवण्यासाठी काही ठिकाणी फ्लोराइडची जागा रिकामी राहते. भरलेल्या एसटीच्या बाकावर एक जण उठला की शेजारचा सरकतो, त्याच्या जागी त्याच्या शेजारचा सरकतो आणि रिकामी जागा दुसऱ्या टोकाला पोहोचते. तसंच इथे घडतं. फ्लोराइड लहान, एकट्या भाराचा आणि त्या जागेत नेमका बसणारा. त्याच्या मापाचा दुसरा एकच, हायड्रॉक्साइड. म्हणून पाणी अल्कधर्मी असेल तर हा इलेक्ट्रोड हायड्रॉक्साइडलाही फ्लोराइड समजतो. मात्र क्लोराइड, नायट्रेट, सल्फेट यांना तो ओळखही दाखवत नाही. इतका एकनिष्ठ पडदा दुसरा क्वचित सापडेल.

आपल्या बेसाल्टच्या पट्ट्यात फ्लोराइडचा प्रश्न तुलनेने सौम्य. पण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या किनवट भागात खडक वेगळा आहे, आणि तिथल्या गावांत मुलांच्या दातांवर पिवळट-तपकिरी डाग आणि वडीलधाऱ्यांच्या ताठरलेल्या कमरा दिसतात. भारतीय मानकानुसार फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं. दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालतं. या दोन रेघांमध्ये पडद्यावर फरक किती? साधारण १०.४ मिलिव्होल्ट. आणि एक मिलिव्होल्टची चूक म्हणजे चार टक्क्यांची चूक.

पण इथे खरी अडचण वेगळीच आहे. नागपूरच्या नीरी संस्थेने पाण्यातलं फ्लोराइड काढण्यासाठी नलगोंडा पद्धत विकसित केली. त्यात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरतात. तुरटी म्हणजे ॲल्युमिनियम. ते थोडं पाण्यात उरलं तर फ्लोराइडला घट्ट धरून बसतं. आणि इलेक्ट्रोडला फक्त मोकळं फ्लोराइड दिसतं, बांधलेलं नाही. पिणाऱ्याच्या पोटात मात्र दोन्ही जातं. म्हणजे शुद्ध केलेलं पाणी तसंच मोजलं, तर ते आहे त्यापेक्षा अधिक शुद्ध दिसेल. उपचार करणाऱ्यालाच आपल्या उपचाराचं खोटं प्रमाणपत्र मिळावं, असा हा प्रकार. म्हणून मोजण्याआधी एक ठरावीक द्रावण मिसळतात. ते ॲल्युमिनियमला फ्लोराइडपासून सोडवून घेतं, सामू पाच ते साडेपाचवर आणतं आणि सगळ्या नमुन्यांतलं क्षारांचं प्रमाण एकसारखं करतं. अहवालाच्या कागदावर या द्रावणाचा उल्लेख नसतो. विचारलं तर चांगला प्रयोगशाळावाला खूश होतो.

शेवटी पीव्हीसी. शेतात पाणी नेणाऱ्या पाइपाचं तेच प्लॅस्टिक. १९७० मध्ये वेल्समधल्या कार्डिफला मूडी, ओक आणि थॉमस यांनी त्यात भरपूर प्लॅस्टिसायझर घालून मऊ पडदा केला आणि त्यात आयन ओळखणारा रेणू मिसळला. साधारण एक भाग पीव्हीसी, दोन भाग प्लॅस्टिसायझर, आणि ओळखणारा रेणू जेमतेम एक टक्का. नायट्रेटच्या पडद्यात अमोनियमच्या जातीचे जड धन आयन असतात. त्यांची निवड पक्की नसते. पाण्याशी ज्याची सोयरीक कमी, तो आयन पडद्यात आधी शिरतो, एवढाच नियम. नायट्रेट क्लोराइडच्या पुढे असतं, पण साधारण शंभर-दोनशे क्लोराइड मिळून एका नायट्रेटएवढा परिणाम करतात. लिटरला हजार मिलिग्रॅम क्लोराइड असलेल्या खारवट विहिरीत हा इलेक्ट्रोड दहा-पंधरा मिलिग्रॅम नसलेलं नायट्रेट दाखवू शकतो. मर्यादा ४५ ची आहे, हे पाहता ती चूक किरकोळ नाही. उसाला युरिया भरपूर आणि पाणी भरपूर, अशा पट्ट्यात नायट्रेटचा प्रश्न खरा आहे. म्हणूनच खोटं नायट्रेट आणि खरं नायट्रेट वेगळं कळायला हवं. आणखी एक. काही अहवाल नायट्रेट म्हणून आकडा देतात, काही नायट्रोजन म्हणून. दोन्हींत ४.४३ पटीचा फरक. नायट्रोजन म्हणून १० आलं आणि तुम्ही ते ४५ शी ताडून निश्चिंत झालात, तर तुम्ही प्रत्यक्षात मर्यादेच्या काठावर उभे आहात.

दवाखान्यातल्या पोटॅशियमच्या पडद्यात व्हॅलिनोमायसिन असतं, मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूपासून मिळालेलं प्रतिजैविक. त्याचा रेणू कड्यासारखा असून मधल्या पोकळीत पोटॅशियम नेमकं बसतं, सोडियम तिथे सैल पडतं. झ्युरिकच्या विल्हेल्म सिमोन यांनी ते इलेक्ट्रोडमध्ये आणलं. रक्तात पोटॅशियम ३.५ ते ५, सोडियम मात्र १३५ ते १४५ मिलिमोल. इतक्या गर्दीतून पोटॅशियम वेचायला सोडियमच्या मानाने दहा हजार पट पसंती लागते, आणि ती या रेणूत आहे. शरीराच्या तापमानाला पोटॅशियम ४ वरून ६.५ वर गेलं, म्हणजे हृदयाचे ठोके बिघडण्याच्या पातळीला पोहोचलं, तर पडद्यावर बदल होतो अवघा १३ मिलिव्होल्ट. इथे पडदा सहसा चुकत नाही, नमुना चुकतो. दंडाला पट्टी करकचून बांधून, मूठ उघडमीट करायला लावून काढलेल्या रक्तात पेशींमधलं पोटॅशियम बाहेर पडतं आणि पडदा ते प्रामाणिकपणे मोजून दाखवतो. म्हणून रुग्णाला काहीच त्रास नसताना पोटॅशियम ६ आलं, तर चांगला डॉक्टर औषध लिहिण्याआधी रक्त पुन्हा काढायला सांगतो, या वेळी पट्टी न आवळता.